आपल्या घरातला धवला

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं)



संयोजकांनी मला सांगितलं, "शाळेच्या आठवणींवर दहा मिनिटं बोल." मी एकच आठवण सांगणार आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे.

नववीत असेन. मराठीच्या तासाला सरांनी महदंबेबद्दल सांगितलं. ही तेराव्या शतकातली महानुभाव कवयित्री. मराठीतल्या अगदी पहिल्या कवयित्रींमध्ये तिचं नाव घेतात. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर तिने जी गाणी रचली, ती 'धवळे'. धवळा म्हणजे लग्नात गायचं गाणं, असं सर म्हणाले आणि मी बाकावर ताठ बसलो. कारण माझी आजी धवलारीण होती.

बाहेरगावाहून इथे शिकवायला आलेल्या गुरुजनांसाठी सांगतो. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नसे. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत, हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा. पुढे काय करायचं, कोणी करायचं, कोणत्या देवाला आधी बोलवायचं, हे सगळं त्या गाण्यातच असे. तिच्याकडे वही नव्हती. तिला अक्षरओळखच नव्हती.

त्या दिवशी मी धावत घरी गेलो. आजीला हे सांगायला हवं होतं की तू गातेस ते सातशे वर्षांपूर्वीपासून चालत आलेलं आहे. पण मी काय सांगितलं? "आजी, धवला नाय, धवळा म्हणायचं. पुस्तकात तसं आहे."

आजी भाताची सुपं पाखडत होती. म्हणाली, "तुजे मास्तरला सांग, लग्नान ये नि आयक."

सगळे हसले. मीही हसलो. पण माझ्या मनात ते 'ळ' आणि 'ण' बसलं ते बसलंच. पुढे पेणला कॉलेजात गेलो आणि घरी मित्र आले की आजीने फार बोलू नये असं मला वाटायला लागलं. तिलाही ते कळलं असणार. मित्र आले की ती पडवीतून उठून मागच्या दारी जायची. मी तिला कधी "बस ना" म्हटलं नाही.

मोठ्या भावाच्या लग्नात आजीने शेवटचे धवले गायले. त्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आमच्याकडे आहे. मागच्या वर्षी ती संगणकावर उतरवून घेतली. आजी दिसते, तिचा हात हलतो, ओठ हलतात. आवाज मात्र सिनेमाच्या गाण्याचा आहे. व्हिडिओवाल्याला दोष देत नाही, आम्हीच त्याला सांगितलं होतं, "वरून चांगली गाणी टाक."

आजी गेली. आईला काही धवले अर्धेमुर्धे येतात, आत्याला थोडे येतात. हळदीचा पूर्ण धवला आज आमच्या घरात कोणालाच येत नाही.

मित्रांनो, हे फक्त गाण्यांचं झालेलं नाही. आपल्यापैकी किती जणांच्या मुलांना 'जोळ' हा शब्द माहीत आहे? आपली गावं खारीतली. धरमतरच्या खाडीचं पाणी अडवायला मातीचे बांध घातले, म्हणून भात पिकलं. बांधाला उघाड्या. उधाणाला बांध फुटला तर म्हणायचं 'खांड गेली', आणि खांड गेली की घरटी एक माणूस चिखल टाकायला बाहेर पडायचा. ती जोळ. कोणाचं शेत बुडतंय हे विचारायचं नाही. पुढे खारबंदिस्तीची कामं सरकारकडे गेली, १९७९चा खार जमीन विकासाचा कायदा आला. तरुण मंडळी डोलवीच्या कारखान्यात नाहीतर पनवेल-मुंबईला लागली. बांध अजूनही फुटतात, खारं पाणी अजूनही शेतात शिरतं. जोळ मात्र निघेनाशी झाली, आणि कामाबरोबर शब्दही चालला. मिठागरांचं तेच. ज्या आगरावरून आपल्याला 'आगरी' म्हणतात, त्या आगरातली अवजारं ओळखणारी माणसं आता बोटांवर मोजावी लागतील.

पेणची गणपतीची मूर्तिकला बघा. पेण, हमरापूर, जोहे इथल्या मूर्ती परदेशात जातात. शाडूच्या जागी प्लास्टर आलं, वाद झाले, पण कला टिकली, कारण तिला गिऱ्हाईक आहे. धवल्याला गिऱ्हाईक नाही, जोळीलाही नाही. ज्याला बाजार नाही ते घरच्यांनीच सांभाळायचं असतं. आणि घरचे म्हणजे आपणच.

हे होऊ शकतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, तरी ओव्या राहिल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं हे की ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. 'एक लोकगीत' असं लिहून तिला पुसून टाकलेलं नाही.

आपल्याला लाख गोळा करायचे नाहीत. माझी विनंती इतकीच आहे की प्रत्येक बॅचने एक गोष्ट घ्यावी. कोणी धवले घ्या, कोणी बांधाची कामं, कोणी मिठागर, कोणी गौरीची गाणी, कोणी पोपटी आणि जिताड्याची तळी. मोबाइल सगळ्यांकडे आहे. आधी त्या माणसाला विचारा, रेकॉर्ड करू का. काही गाणी देवाची असतात, ती कधीही, कुठेही म्हणत नाहीत. नाही म्हटलं तर आग्रह धरू नका. नाव, गाव, कोणाकडून शिकलात, कोणत्या वेळी म्हणतात, हे लिहून घ्या. नुसतं गाणं घेऊ नका, त्या वेळी हात काय करतात तेही टिपा. आणि लिहिताना ते बोलतील तसंच लिहा. 'धवला' म्हणाले तर 'धवला'च लिहा. माझ्यासारखं शुद्धलेखन तपासू नका.

एक प्रत त्यांच्या घरी द्यायची, एक आपल्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची. मुख्याध्यापकांनी एक कपाट द्यायचं कबूल केलं आहे, त्यांचे आभार.

माझी बॅच धवले घेते आहे. सुरुवात मी घरातून केली. गेल्या महिन्यात आईला आणि आत्याला समोरासमोर बसवलं. एकीला सुरुवात आठवली, दुसरीला शेवट. मधल्या ओळींवरून दोघींचं भांडण झालं. मी दोन्ही लिहून घेतल्या. एक धवला जवळजवळ पूर्ण झाला. मधे दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे.

इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या आईला, मावशीला, आजीला हळदीचा धवला येत असेल, तर जेवणाच्या वेळी मला भेटा. मी वही घेऊन आलो आहे.