दत्तक : घराण्यासाठी मूल की मुलासाठी घर?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात रहिमतपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साधारणतः मागील पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव केला जातो. तो यथोचित आहे आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी तो उत्तम प्रकारे केला आहे. मी मात्र आपल्या समाजात ज्याविषयी दबक्या आवाजात बोलले जाते असा एक विषय आपल्यापुढे मांडणार आहे. तो विषय म्हणजे दत्तक. मूलबाळ नसलेली दांपत्ये आपल्यात आहेत आणि आईवडील नसलेली बालके आपल्याच जिल्ह्यांतील संस्थांत आहेत. या दोहोंमधील अंतर कशामुळे पडले आहे, याचा विचार आपण आज करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

दत्तक हा शब्द सातारा जिल्ह्याला नवा नाही. १८४८ साली छत्रपती शहाजी तथा आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि सातारचे राज्य खालसा झाले. पुढे १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि राजर्षी शाहू महाराज या नावाने अजरामर झाले. व्यापारी पेढ्यांवरही हीच रीत होती. दत्तक घ्यायचा तो गादी, जमीन वा पेढी चालविण्यासाठी. तो मुलगाच असावा, भाऊबंदांतला असावा आणि शक्यतो हाताशी येण्याजोग्या वयाचा असावा. या विचारात घराणे मध्यस्थानी होते आणि मूल हे त्या घराण्याची गरज भागविणारे साधन होते.

याच मातीत दुसराही विचार जन्मला. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे आपल्या जिल्ह्यातील कटगुणचे आणि सावित्रीबाई नायगावच्या. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे १८७४ च्या सुमारास प्रसूत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी आपले मानले. हाच यशवंत. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून त्याच्या वारशाची सोय केली. तथापि १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेच्या वेळी दत्तक पुत्राच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले. यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्याच्याच दवाखान्यात रुग्णसेवा करीत देह ठेवला. त्याच काळात, १८७५ साली, पंढरपूरला न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी तेथे टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम सुरू केला. मुलासाठी घर शोधण्याची परंपरा आपल्या परिसरात अशी दीडशे वर्षांची आहे.

आता आपल्या धर्माकडे वळू. दत्तक पुत्र हवा तो पिंडदानासाठी, ही समजूत आपल्या आजूबाजूला रूढ आहे. जैन धर्मात श्राद्ध-पिंडाची संकल्पना नाही. जीव आपल्याच कर्माचे फळ भोगतो. पुत्राच्या हातून पित्याला सद्गती मिळत नाही. ही गोष्ट न्यायालयांनीही मान्य केली. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे आलेल्या शिवसिंह राय विरुद्ध दाखो या खटल्यात, जैन विधवेला पतीच्या अनुमतीवाचूनही दत्तक घेता येतो, ही आपली रूढी ग्राह्य धरली गेली. जैनांतील दत्तक हा धर्मविधी नसून लौकिक व्यवहार आहे, असे न्यायालये पुढेही मानीत आली. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आपल्यालाही लागू आहे आणि त्याने मुलगी दत्तक घेण्याचा मार्गही मोकळा केला.

बारा भावनांचे चिंतन आपण नित्य करतो. त्यांतील अन्यत्व भावना सांगते की, देहही आपला नाही, मग स्वजन-परिवार कोठून आपला असणार? या दृष्टीने पाहिल्यास पोटचे मूल हादेखील एक स्वतंत्र जीव आहे. आपण त्याच्या येण्याला केवळ निमित्त झालो. असे असता 'रक्ताचे' आणि 'परके' हा भेद जो आपल्या मनात घट्ट बसला आहे तो धर्मातून आलेला नाही. तो मालमत्तेतून आणि लोकलज्जेतून आला आहे, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

या संदर्भात एका कुटुंबाचा अनुभव सांगण्याजोगा आहे. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात एक मुलगी जन्मली. तिच्या जन्मदात्यांना तिचा सांभाळ करणे शक्य नव्हते. ससून रुग्णालयाच्या आवारातील 'श्रीवत्स' या संस्थेत ती दाखल झाली आणि तिचे नाव लैला ठेवण्यात आले. आपल्या भागातून दुखणे हाताबाहेर गेले की, "ससूनला न्या" असे आजही म्हणतात. त्या ससूनच्या आवारात हे घडले. त्याच सुमारास मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी स्यू हे अमेरिकेत राहणारे दांपत्य भारतात आले होते. त्यांनी यापूर्वीच एक भारतीय मुलगी दत्तक घेतलेली होती आणि आता त्यांना मुलगा हवा होता. मुंबईत मनासारखे जमले नाही म्हणून ते पुण्यास आले. तेथेही मुलगा नव्हता. ही लहानगी होती. ते रिकाम्या हाताने परतले नाहीत. अवघ्या तीन आठवड्यांची ती मुलगी त्यांची झाली आणि लैलाची लिसा झाली.

हे कुटुंब अमेरिकेतून केनियात आणि तेथून ऑस्ट्रेलियात सिडनीला स्थायिक झाले. वडिलांना क्रिकेटचे वेड. घरामागच्या अंगणात त्यांनी लेकीच्या हाती बॅट दिली. मुलींचे संघ दुर्मीळ असल्याने ती मुलांच्या संघातून खेळली. पुढे ती ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाची कर्णधार झाली. एकदिवसीय सामन्यांत एक हजार धावा आणि शंभर बळी ही दुहेरी कामगिरी करणारी ती पहिली महिला. २००५ आणि २०१३ चे एकदिवसीय विश्वचषक, तसेच २०१० आणि २०१२ चे ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत ती होती. १७ फेब्रुवारी २०१३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील अखेरचा झेल तिनेच टिपला आणि त्यानंतर निवृत्ती जाहीर केली. २०२० साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तिचा 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश केला.

दत्तक मूल विश्वविजेते होते, असे मला सुचवायचे नाही; तशी अपेक्षा पोटच्या मुलाकडूनही कोणी करीत नाही. या उदाहरणातून घ्यावयाच्या गोष्टी निराळ्या आहेत. स्थळेकर दांपत्याने मनातील मागणी बाजूला ठेवून समोरचे मूल पाहिले. दोन्ही मुली दत्तक आहेत, हे त्यांनी मुलींपासून अथवा जगापासून लपविले नाही. आपला जन्म कोठे झाला हे लिसाने स्वतः अनेकदा मोकळेपणाने सांगितले आहे आणि मोठेपणी श्रीवत्सला भेटही दिली आहे. जे सत्य बालपणापासून ठाऊक असते त्याची भीती वाटत नाही. तेच सत्य लग्नाच्या वेळी वा वाटणीच्या वेळी तिऱ्हाइताच्या तोंडून कळले, तर सारे आयुष्य खोटे वाटू लागते.

परदेशी दत्तकाची दुसरी बाजूही सांगणे कर्तव्य आहे. त्या काळी परदेशी दांपत्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्व घेऊन मूल परदेशी न्यावे लागे. या वाटेत दलाल शिरले आणि पैशाचे व्यवहार झाले. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. तीच याचिका मानून न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ साली निर्णय दिला आणि देशातील कुटुंबाला प्रथम संधी, परदेशाचा विचार नंतर, हे तत्त्व घालून दिले. १९९० साली 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. १९९३ च्या हेग करारास भारताने २००३ साली मान्यता दिली. आज २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सर्व नोंदणी संगणकावर होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. कोणा ओळखीच्या दवाखान्यातून परस्पर मूल घेणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

नियम थोडक्यात सांगतो. वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे. दोन वर्षांखालील मुलासाठी पती-पत्नींच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक नसावी. सामाजिक कार्यकर्ते घरी येऊन अहवाल तयार करतात आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी विचारपूस होते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाला आपल्या मुळाचा शोध घेण्याची मुभा आहे. म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवावा. आपण व्यापारी मंडळी जुन्या चोपड्या जपतो. हा कागद तर एका जीवाच्या जन्माची नोंद आहे.

आता सर्वांत अवघड भाग. नोंदणी केलेली दांपत्ये उपलब्ध बालकांच्या अनेक पटींनी अधिक आहेत आणि त्यांना काही वर्षे वाट पाहावी लागते. तरीही काही मुले संस्थेतच राहतात. कोणी पाच-सात वर्षांचे असते, कोणाला पाठची भावंडे असतात, कोणाच्या पायात वा हृदयात दोष असतो. भारतीय कुटुंबे त्यांना नाकारतात आणि मग ठरावीक मुदतीनंतर त्यांच्यासाठी परदेशी कुटुंबे शोधली जातात. आज आपल्या देशातून परदेशी जाणाऱ्या मुलांत अशीच मुले प्रामुख्याने असतात. आपण म्हाताऱ्या, लंगड्या गाईंसाठी पांजरपोळ चालवितो आणि ते आपले भूषण आहे. परंतु मूल निवडताना आपल्याला गोरे, निरोगी आणि तान्हेच हवे असते. जीवदयेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने या विसंगतीचे उत्तर शोधले पाहिजे.

कापडाच्या दुकानात बसणाऱ्याच्या कानावर समाजाची बोलणी पडतच असतात. एक तरुण दांपत्य दत्तक घेतलेल्या मुलीच्या बारशासाठी झबली-टोपडी आणि परकर-पोलक्याचे कापड घेत होते. शेजारी बसलेल्या एका आजींनी विचारले, "कुणाची गं ही? आपल्यातली दिसत नाही." त्या मुलीच्या आईने कापडावरची नजर न काढता उत्तर दिले, "माझी आहे, आजी." आजी काही वाईट नव्हत्या, त्यांना दुसरा प्रश्न ठाऊक नव्हता. तो ठाऊक करून देणे हे समाजाचे काम आहे.

म्हणूनच या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे काही सूचना सविनय ठेवतो. पहिली, वर्षातून एकदा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या अधिकाऱ्यांना निमंत्रित करून इच्छुक दांपत्यांसाठी माहितीसत्र घ्यावे. दुसरी, समाजाच्या कुटुंब परिचय पुस्तिकेत कोणत्याही मुलाच्या नावापुढे 'दत्तक' असा शेरा असू नये. तिसरी, वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात मामाचे आडनाव आणि गाव विचारले जाते. ज्या आईने वाढविले तिचा भाऊ तोच मामा, हे आयोजकांनी निःसंदिग्धपणे स्वीकारावे. कायद्यानेही दत्तक मूल सर्वार्थाने त्याच कुटुंबाचे असते. चौथी, ज्यांना कोणतेच कुटुंब मिळाले नाही आणि जी अठराव्या वर्षी बालगृहातून बाहेर पडतात, त्यांच्यासाठी आपल्या शिष्यवृत्ती निधीतून काही जागा राखाव्यात.

या शेवटच्या सूचनेला आपल्याच समाजातील एका दांपत्याचा आधार आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले. त्या मुलांना कोणी कायद्याने दत्तक घेतले नव्हते. तरीही त्यांना आई मिळाली होती.

दत्तकाला कृपया दान म्हणू नका. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपण जाणतो. त्यांत देणारा आणि घेणारा वेगळे असतात. येथे तसे नाही. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, ही तत्त्वार्थसूत्राची शिकवण आहे. मुलाला घर मिळते आणि घराला मूल मिळते. उपकार कोणाचा कोणावर, हे सांगता येत नाही. ट्रस्टच्या हीरकमहोत्सवात या व्यासपीठासमोर बसलेल्या मुलांपैकी कोण कोठून आले, हे विचारण्याची कोणालाही आवश्यकता वाटू नये, एवढीच जिनेंद्रचरणी प्रार्थना करतो आणि माझे चार शब्द संपवितो.

जय जिनेंद्र.