दोन डोस घेतले, तरी कोरोना कसा झाला?

भाकऱ्या उरकल्या असतील तर बसा, नसतील तर तव्यापाशी रेडिओ ठेवा आणि ऐका.

२०२५ च्या उन्हाळ्यात टीव्हीवर पुन्हा कोरोनाच्या बातम्या लागल्या. एनबी.१.८.१, एलएफ.७ अशी गाडीच्या नंबरासारखी नावं. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना एकीने विचारलं, "ताई, आपली लस तर २०२१ ची. या नव्याला ती काय करणार?" हा प्रश्न आम्हाला टाळता येईना, कारण याच प्रश्नावर आम्ही एकदा तोंडघशी पडलो आहोत.

२०२१ मध्ये आम्ही घरोघर फिरलो. "लस घ्या, म्हणजे कोरोना होणार नाही," असं सांगितलं. बायका आमच्या शब्दावर रांगेत उभ्या राहिल्या. मग जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉन आला. संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर आठवड्याभरात गटातल्या सात जणी तापाने झोपल्या, सगळ्यांचे दोन-दोन डोस झालेले. एक काकू दारातूनच म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर टोचून घेतलं, काय उपयोग झाला?" काकूंचं वय साठीच्या पुढे, त्यात साखर. नंतर त्यांच्या तिसऱ्या डोसची वेळ आली, तर त्यांनी साफ नाही म्हटलं. "होणार नाही" असं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. वाक्य सोपं करायला गेलो आणि ते खोटं निघालं. दोष आमचाच.

मग आम्ही उपकेंद्रातल्या सिस्टरांकडे जाऊन बसलो, मिळेल ते वाचलं. कळलं ते असं.

कोरोनाच्या विषाणूवर बाहेरून काटे असतात. त्या काट्याने तो आपल्या पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. लसीमुळे शरीर या काट्याची ओळख करून घेतं आणि प्रतिपिंडं तयार करतं, म्हणजे अँटीबॉडी. ती काट्यावर जाऊन बसतात आणि विषाणूची वाट अडवतात. ओमिक्रॉनच्या काट्यात मूळ विषाणूपेक्षा तिसाहून अधिक बदल होते. जुनी प्रतिपिंडं त्यावर नीट बसेनात. शिवाय डोस घेऊन काही महिने झाले की रक्तातली प्रतिपिंडं कमीच होत जातात. म्हणून सात जणी तापल्या.

पण प्रतिपिंडं म्हणजे गटाच्या पेटीतली रोकड. ती कमी झाली म्हणून गट बुडत नाही, बँकेत ठेव असते. शरीराची ठेव दोन प्रकारची. एक, स्मृतिपेशी. लस टोचल्यावर काखेत गाठ दुखते ना, त्या गाठींमध्ये या पेशी डोसनंतर कितीतरी आठवडे सराव करत असतात आणि काट्याला अधिक घट्ट धरणारी प्रतिपिंडं बनवायला शिकतात. त्यातली काही बदललेल्या काट्यालाही धरू शकतात. विषाणू आला की त्या कामाला लागतात, फक्त दोन-चार दिवस घेतात. त्या दिवसांत ताप येतो. दुसरी ठेव टी पेशींची. विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून त्या नष्ट करतात. त्या विषाणूचे बारीक बारीक तुकडे ओळखतात आणि ओमिक्रॉनमध्ये यातले बरेच तुकडे जसेच्या तसे राहिले होते. त्यामुळे लस घेतलेल्याचा आजार फुफ्फुसापर्यंत जाण्याची शक्यता कमी झाली. अर्थात ओमिक्रॉन डेल्टापेक्षा सौम्यही होता. सगळं श्रेय लसीलाच द्यायचं, असं आम्ही आता करणार नाही.

मे २०२१ मध्ये कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं, तेव्हा आपण सगळ्यांनी "लस संपली म्हणून ही युक्ती" असं म्हटलं होतं. टंचाई होतीच, ते खोटं नाही. पण अंतर जास्त ठेवलं तर त्या लसीचा परिणाम चांगला होतो, हेही चाचण्यांत दिसलेलं होतं. गाठींना सरावाला वेळ मिळतो.

एक गंमत सांगतो. सुनेचं सासरी नाव बदललं तरी माहेरच्यांच्या तोंडी जुनंच नाव येतं. शरीराचंही तसंच. पहिल्यांदा ज्या विषाणूची ओळख झाली, तीच पक्की बसते. पुढे नव्या प्रकाराची लस दिली तरी आधी जुनी स्मृती जागी होते. हे काही प्रमाणात फायद्याचं, कारण काट्याचा न बदललेला भाग लगेच ओळखला जातो. पण नव्या भागाची ओळख मागे पडू शकते. म्हणूनच मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सुचवलं, की नव्या लसींतून मूळ विषाणू काढून टाका आणि एक्सबीबी या प्रकारावर लस बनवा. आपल्या पुण्यातही जिनोव्हा कंपनीने ओमिक्रॉनसाठी लस तयार केली, तिला जून २०२३ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली.

आता काकूंचं. १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना तिसरा डोस फुकट होता. आम्ही पुन्हा त्यांच्या दारात गेलो. त्यांनी विचारलं, "आता तरी होणार नाही ना?" आम्ही म्हटलं, "होऊ शकतो, काकू. पण दवाखान्यात झोपायची पाळी येण्याची शक्यता कमी होईल." त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग पदर सावरून चपला शोधायला लागल्या.

२०२५ मधले ते प्रकार ओमिक्रॉनच्याच वंशातले होते. आपल्यापैकी बहुतेकींना लसही मिळालीय आणि एकदा तरी संसर्गही होऊन गेलाय, म्हणजे दोन्हीकडून ओळख झालेली आहे. तरी घरात साठीपुढचं माणूस असेल, साखर, दमा, हृदयाचा आजार असेल, तर ताप-खोकला अंगावर काढू देऊ नका. ज्यांची कॅन्सरची औषधं चालू आहेत किंवा किडनी बदललेली आहे, त्यांच्या शरीरात लसीची ठेव नीट जमत नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना डोसबद्दल वेगळं विचारावं. पुढच्या बैठकीला येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांची लसीची कार्डं घेऊन या. कोणाचा कितवा डोस कधी झाला, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवू.