नवशिक्याचें झूम भिंग



आजच्या भाषणाचा विषय तसा लहान आहे, पण पुष्कळ घरांत तो थोड्या वादाचा आणि बऱ्याच खर्चाचा होऊन बसला आहे. घरांत हौसेनें कॅमेरा येतो. त्याच्याबरोबर आलेलें १८ ते ५५ मिलिमीटरचें लहानसें भिंग त्याला कायमचें चिकटून राहतें. पहिले सहा महिने आनंदांत जातात. मग मुलीच्या शाळेचें स्नेहसंमेलन येतें, किंवा थंडींत भिगवणला रोहित पक्षी पाहण्याचा बेत ठरतो, आणि घरांत एकच तक्रार सुरू होते: सगळें फार लांब दिसतें! मग झूम भिंगाचा शोध. महिन्याच्या शिलकेंतून बाजूला काढलेले हजारों रुपये त्यांत जातात, आणि पुष्कळदां ते केवळ मोठा आकडा पाहून जातात.

प्रथम शब्दाविषयीं. झूम म्हणजे दूरचें जवळ आणणारें भिंग, ही समजूत अर्धवट आहे. ज्या भिंगाचें नाभीय अंतर, म्हणजे आपण ज्याला फोकल लेंग्थ म्हणतों तें, वळें फिरवून कमीजास्त करतां येतें तें झूम. त्या हिशेबानें कॅमेऱ्याबरोबर आलेलें भिंगहि झूमच आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यासाठीं असें पहिलें भिंग फोइग्टलेंडर कंपनीनें १९५९ सालीं बाजारांत आणलें. त्याची मजल ३६ ते ८२ मिलिमीटर, म्हणजे दूरच्या वस्तूंशीं त्याचा संबंध बेताचाच. दुकानदार 'चार एक्स' म्हणतो तो या दोन टोकांचा भागाकार असतो. ७५ ते ३०० चें भिंग चार एक्स आणि ५५ ते २५० चें साडेचार एक्स. तरी दूरचें अधिक मोठें दिसतें तें पहिल्यांतच. तेव्हां एक्स ऐकून मान डोलावूं नये. भिंगावर लिहिलेला शेवटचा आकडा वाचावा.

त्या आकड्याचा अर्थ साध्या त्रैराशिकानें काढतां येतो. नवशिक्यांच्या बहुतेक कॅनन कॅमेऱ्यांतील संवेदक, म्हणजे जेथें चित्र उमटतें ती चकती, सुमारे २२ मिलिमीटर रुंद असते. समजा, रंगमंच तुमच्यापासून २० मीटरवर आहे. ५५ मिलिमीटरवर चित्रांत सुमारे ८ मीटर रुंदी मावते, म्हणजे सबंध रंगमंच, पडदे आणि विंगेंतून डोकावणाऱ्या शिक्षिकाबाईसुद्धां. २५० वर पावणेदोन मीटर मावते. कॅमेरा उभा धरला कीं दहा वर्षांची मुलगी पायांच्या घुंगरांपासून केंसांतल्या गजऱ्यापर्यंत नीट बसते. ३०० वर दीड मीटरच मावते. मुलगी जेमतेम बसते, आणि तिनें नाचांत हात वर केला कीं तो कापला जातो. सांगावयाचें तें हें कीं, २५० आणि ३०० यांत दुकानांत वाटतो तेवढा फरक नाहीं.

पक्ष्यांच्या बाबतींत मात्र दोन्हींकडून फार आशा करूं नये. भिगवणच्या पाण्यावर नावेंत बसून ५० मीटरवरचा मोठा रोहित पक्षी २५० च्या भिंगानें टिपला, तर तो चित्राच्या निम्म्या उंचीलाहि भरत नाहीं. दहा मीटरवरची चिमणी चित्राच्या रुंदीचा सहावा हिस्सा व्यापते. थवा, पाणी, सकाळचें धुकें हें सारें सुरेख येईल. पिसान् पीस मोजण्याजोगें चित्र हवें असेल तर तें काम वेगळ्या भिंगाचें आणि वेगळ्या खिशाचें आहे.

आतां मुख्य गोष्ट. दूरची वस्तु जितकी मोठी होते, तितकाच हाताचा कंपहि मोठा होतो. जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा असा कीं, भिंगाचा आकडा जेवढा, तेवढ्याव्या अंशाच्या सेकंदाहून शटर अधिक वेळ उघडें ठेवूं नये. लहान संवेदकामुळें तो आकडा कॅननच्या बाबतींत १.६ नें गुणावा लागतो. म्हणजे २५० वर सेकंदाचा चारशेवा भाग. एवढ्या कमी वेळांत पुरेसा प्रकाश भर उन्हांतच मिळतो. सायंकाळीं, मांडवांत किंवा झाडाखालीं तो मिळत नाहीं. यावर उपाय म्हणून भिंगाच्या आंत एक कांच हाताच्या कंपाच्या उलट दिशेनें हलती ठेवण्याची योजना असते. कॅनन तिला 'आयएस' म्हणते, निकॉन 'व्हीआर' म्हणते. २०१३ सालीं आलेल्या कॅननच्या ५५-२५० आयएस एसटीएम भिंगांत ती आहे, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें ती साडेतीन थांब्यांची सवलत देते. हिशेब केला तर चारशेव्या भागाऐवजीं सेकंदाच्या चाळिसाव्या भागापर्यंत हात टिकावा. प्रत्यक्षांत त्याहून थोडें कमी धरावें, तरीहि फरक दिवसरात्रीचा आहे.

उलट, त्याच कंपनीच्या ७५-३०० या १९९९ च्या भिंगांत ही सोय मुळींच नाहीं. तें वजनानेंहि जास्त, ४८० ग्रॅम. ५५-२५० अवघें ३७५ ग्रॅम. शिवाय ३०० च्या टोकाला त्याचें चित्र मऊ पडतें, आणि उजळ आकाशापुढच्या फांदीला जांभळट झालर येते. असें असून तें वर्षानुवर्षें खपत आलें, याचें कारण किंमत आणि तो तीनशेचा आकडा. माझें मत स्पष्ट आहे: लहान संवेदकाचा आरशाचा कॅनन कॅमेरा असेल तर ५५-२५० घ्यावें, तेंहि एसटीएम अक्षरें असलेलें. पूर्ण आकाराच्या संवेदकाच्या कॅमेऱ्याला मात्र तें बसत नाहीं, हें ध्यानांत असावें.

बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांच्या बाबतींतहि हाच प्रश्न पुन्हां उभा राहिला आहे. कॅननचें आरएफ-एस ५५-२१० हें २०२३ चें भिंग स्थिरीकरणासह येतें; तर २०२५ सालीं तें जुनें ७५-३०० च नव्या बैठकीवर, पुन्हां स्थिरीकरणावांचून, बाजारांत आलें. आर५० आणि आर१०० या नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांच्या अंगांतहि अशी योजना नाहीं. म्हणजे भिंगांत नसेल तर ती कोठेंच नाहीं.

निकॉनवाल्यांनीं नांवें डोळ्यांत तेल घालून वाचावीं. २०१६ मध्यें त्या कंपनीनें ७०-३०० चीं एएफ-पी जातीचीं दोन भिंगें एकाच वेळीं काढलीं. दिसण्यांत जुळीं, वजनांत पंधरा ग्रॅमांचें अंतर. एकांत व्हीआर आहे, दुसऱ्यांत नाहीं. दुसरी अडचण अशी कीं, हीं भिंगें डी९०, डी३१००, डी५१००, डी७००० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर बसतात खरीं, पण त्यांचा फोकस चालत नाहीं. थोरल्या भावाचा जुना कॅमेरा वापरणाऱ्या विद्यार्थ्यानें याची चौकशी आधीं करावी. त्याच्यासाठीं जुनें एएफ-एस जातीचें ५५-२०० व्हीआर बरें.

एवढें सांगितल्यावर स्नेहसंमेलनाकडे परत येऊं, कारण फसगत सर्वांत जास्त तेथेंच होते. स्थिरीकरण तुमचा हात सांवरतें. नाचणाऱ्या मुलीला तें थांबवीत नाहीं. तिच्यासाठीं शटर जलद हवें, जलद शटरला प्रकाश हवा, आणि स्वस्त झूमचें तोंड दूरच्या टोकाला एफ ५.६ इतकें लहान होतें. एफ २.८ चें भिंग त्याच्या चौपट प्रकाश घेतें, पण ७०-२०० चें तसें भिंग सुमारे दीड किलो वजनाचें, आणि किंमत अशी कीं घरांत तिचा उच्चार हळूंच करावा. संवेदकाची ग्रहणशक्ति, म्हणजे आयएसओ, ३२०० पर्यंत चढवून थोडें भागतें. चित्र रवाळ येतें, पण ओळख पटते. मला विचाराल तर ज्या घराला मुख्यतः सभागृहांतलींच चित्रें हवीं आहेत, त्यानें झूम घेऊंच नये. ५० मिलिमीटर, एफ १.८ चें साधें भिंग घ्यावें आणि लवकर जाऊन पुढची रांग धरावी. तें एफ ५.६ च्या मानानें जवळजवळ दसपट प्रकाश घेतें, आणि पांच मीटरवरून दोन-सवादोन मीटरची चौकट देतें. तें सहसा झूमहून स्वस्तच पडतें.

वापरलेलें भिंग घेण्यांत कमीपणा नाहीं; काटकसरीच्या घरानें प्रथम तोच विचार करावा. मात्र आपला कॅमेरा बरोबर न्यावा. भिंग दोन्ही बाजूंनीं विजेरीच्या उजेडांत धरून आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसतात का पाहावें. ती बुरशी. मुंबई-कोंकणच्या पावसाळी हवेंत ती फार लवकर धरते, आणि एकदां कांचेच्या लेपांत शिरली कीं साफ करूनहि डाग राहतो. नंतर वळें एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावें. तें कोठें अडतां कामा नये. शेवटीं भिंग सर्वांत लांबच्या आकड्यावर नेऊन रस्त्यापलीकडच्या पाटीचीं दोन चित्रें घ्यावींत, एक पूर्ण उघड्या तोंडानें, एक एफ ८ वर, आणि पडद्यावर मोठीं करून अक्षरें वाचावींत. दुसरेंहि चित्र पुसट आलें तर भिंग परत द्यावें, भाव कितीहि उतरवून मिळो.

घरीं आणल्यावर तें चामड्याच्या पिशवींत घालून कपाटांत टाकूं नये. चामडें ओल धरतें. घट्ट झांकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या. रंग बदलणारे खडे असल्यास रंग बदलला कीं ते तापवून सुकवून घ्यावे, आणि आषाढ-श्रावणांत आठवड्यांतून एकदां तरी भिंग बाहेर काढून वापरावें.