घर घेता-विकताना दलाल हवा का?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयावर बोलणे मला साधणार नाही. परंतु हल्ली हळदीकुंकवाला गेले तरी घराच्या खरेदी-विक्रीच्या गोष्टी निघतात आणि शेवटी एकच प्रश्न उरतो. दलाल घ्यावा की नाही? घ्यायचाच तर आपल्या भागातला, की दूरच्या मोठ्या कचेरीतला? त्याविषयीच बोलते.

घर म्हणजे काही साडी नव्हे, की मनास आली नाही तर दुकानात परत केली. त्यात मिळवत्या माणसाची सारी पुंजी असते, आपले मोडलेले दागिने असतात आणि पुढची वीस वर्षे फेडायचे हप्ते असतात. अशा व्यवहारात नुसते स्वभावाने गोड म्हणून कुणावर विसंबून चालत नाही.

दलाल म्हटले की आपण नाक मुरडतो. परंतु जो माणूस वर्षानुवर्षे एकाच भागात फिरतो, त्याला पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात. कोणत्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर लागतो, कुठली लिफ्ट महिनोन्‌महिने बंद असते, कुठल्या इमारतीत सभासदांचे भांडण कोर्टात गेले आहे, कुठल्या जमिनीचे अभिहस्तांतरण अजून सोसायटीच्या नावावर झालेले नाही, हे दूरच्या कचेरीत बसून कळत नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. यजमान गेल्यावर त्यांनी घर विकायला काढले. दूरच्या एका दलालाने फोनवरच भाव सांगून टाकला. मागच्या गल्लीतल्या दलालाने मात्र त्याच इमारतीतले घर वर्षभरापूर्वी केवढ्याला गेले ते दाखविले. तो आकडा बराच वरचा होता. एकट्या बाईला असा माणूस मिळणे हा मोठाच आधार होय.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. 1961 साली पानशेत फुटले तेव्हाचे पाणी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसेही गेली. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरले. त्या त्या भागातल्या दलालाला हे ठाऊक नसेल का? परंतु सोलापूरहून वा साताऱ्याहून घर बघायला आलेल्या कुटुंबाला तो हे आपणहून सांगेलच असे नाही. व्यवहार झाला तरच त्याला दलाली मिळते. ती बहुधा दोन्ही बाजूंनी एक किंवा दोन टक्के असते. साठ लाखांच्या घरावर एक टक्का म्हटला तरी एका बाजूचे साठ हजार होतात. दोघांकडून पैसे घेणारा माणूस भांडण झाले तर कुणाच्या बाजूने बोलेल, हे आधीच विचारून घ्यावे.

सरकारने बंदोबस्त केला आहे, असेही काहीजणी म्हणतात. खरे आहे. 2017 पासून महारेरा आहे. तिथे नोंद झालेल्या नव्या बांधकामातली घरे विकणाऱ्या दलालाला स्वतःची नोंदणी करावीच लागते आणि आता परीक्षाही द्यावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नये. परंतु आपल्यासारख्या जुन्या इमारतीतले घर एकाने दुसऱ्याला विकले, तर तिथे हा नियम लागत नाही. तिथे आपले डोळे आपणच उघडे ठेवायचे.

तेव्हा माझे मत असे. शेजारचेच घर शेजाऱ्याने घेतले, दोघे एकमेकांना ओळखतात, तर दलालाची गरज नाही. कागदपत्रांपुरता चांगला वकील पुरे. मुले परदेशी आणि आईवडिलांचे घर विकायचे आहे, किंवा परगावचे माणूस नव्या भागात घर शोधत आहे, तर त्या भागातला जाणता दलाल जरूर घ्यावा. मात्र त्याच्याकडून माहिती घ्यावी, भरवसा कागदावर ठेवावा. दलाली किती आणि केव्हा द्यायची ते आधी लिहून घ्यावे. मूळ कागद त्याच्या हाती देऊ नयेत. इसाऱ्याची रक्कम चेकने द्यावी आणि पावती घ्यावी. शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी, घरावर बँकेचे कर्ज आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. मागची घरे कितीला गेली ते नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर इंडेक्स-टूमध्ये दिसते. घरातली शाळकरी मुलगीही ते काढून देईल. हस्तांतरणाचा प्रीमियम म्हणून सोसायटीने पंचवीस हजारांहून अधिक मागितले, तर तसा अधिकार तिला नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आणखी एक, खास आपल्यासाठी. आपल्या राज्यात 1 एप्रिल 2021 पासून राहते घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. साठ लाखांवर साठ हजार वाचतात, म्हणजे दलालीची एक बाजू निघाली! पैसे तर वाचतातच, शिवाय घरावर आपले नाव लागते, हे मला अधिक मोलाचे वाटते.

शेवटी एक विनंती करते. पाणी कुठे येते, रात्री कुठला रस्ता सुनसान असतो, कुठल्या जिन्यात ओल झिरपते, हे आपल्याइतके कुणास ठाऊक? नवे बिऱ्हाड घर बघायला आले आणि त्यातल्या बाईने जिन्यात थांबून विचारले, तर दार लोटून घेऊ नका. घोटभर चहा द्या आणि खरे ते सांगा. तिची आयुष्याची कमाई त्यावर अवलंबून असते.