ब्रेमेन, पवई, भाईंदर



हे संमेलन भाईंदरला होतंय याचा मला मनापासून आनंद आहे. उत्तनपासून काशीमिऱ्यापर्यंत लग्नाचे फोटो काढणारी, अल्बम लावणारी, फ्लेक्स छापणारी कितीतरी माणसं इथं पोट भरतात. त्यातल्या पुष्कळांच्या संगणकावर फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर चोरीचं असतं, कारण विकतचं परवडत नाही. १९९५ साली बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं गिम्प मात्र मोफत आहे आणि मुक्तही. अडतं ते शिकण्यापाशी.

शिकायची सोय मराठीत झालेली आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. पवईतल्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं जर्मनीतल्या ब्रेमेनच्या रोल्फ स्टाइनॉर्ट यांची 'मीट द गिम्प' ही व्हिडिओमालिका घेतली आणि पडद्यावरचं चित्र तसंच ठेवून त्यावर आपल्या भाषांतला आवाज चढवला. हे काम किती जिकिरीचं असतं ते करणाऱ्यालाच कळतं. बाण मेनूवर पोचतो त्याच सेकंदाला वाक्यही पोचावं लागतं. मराठीत क्रियापद शेवटी. आपण 'निवडा' म्हणेपर्यंत तिकडे क्लिक होऊन पुढची चौकट उघडलेली असते. मग वाक्य तोडायचं, पुन्हा बांधायचं, पुन्हा रेकॉर्ड करायचं. ज्यांनी हे केलं त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

पण पाठ जुने होतात. २०१२ मध्ये गिम्पची २.८ आवृत्ती आली आणि 'सेव्ह'नं जेपेग मिळेनासा झाला. त्यासाठी 'एक्सपोर्ट' करावं लागतं. त्याआधीचा पाठ बघून शिकणारा पोरगा तिथंच अडकतो, आणि गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत असतं. मार्च २०२५ मध्ये तर ३.० आली.

म्हणून माझा आग्रह आहे की नुसता आवाज मराठी करून थांबू नये. पाठ नव्या आवृत्तीवर, आपले फोटो घेऊन, नव्यानं करावेत. प्रकल्पाचे पाठ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. श्रेय देऊन, तोच परवाना ठेवून ते बदलायची मुभा आहे.

उदाहरणार्थ, हळदीचा फोटो घ्या. मांडवात पिवळे दिवे, नवरा-नवरीच्या गालावर हळद. 'ऑटो'मधला व्हाइट बॅलन्स दाबला की तो सगळाच पिवळेपणा दोष समजून काढायला बघतो. दिव्यांबरोबर हळदही फिकी पडते आणि चेहरा राखेसारखा दिसतो. अशा वेळी 'लेव्हल्स' उघडून करड्या बिंदूचा ड्रॉपर नवरदेवाच्या पांढऱ्या बनियनच्या सावलीत टेकवावा. दिव्यांची झाक जाते, हळद राहते. आपल्याकडच्या फोटोग्राफरला दर मोसमात लागणारी ही गोष्ट ब्रेमेनमधल्या माणसाला कशी सुचावी?

पाठ झाला की तो एखाद्या स्टुडिओतल्या नवख्या मुलाला गिम्प उघडून करायला लावा आणि आपण गप्प बसा. तो जिथं थांबेल, तिथं पाठ दुरुस्त करा. प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला आवृत्ती सांगा, आणि नवी आवृत्ती आली की तो पाठ कोण तपासणार हे आजच ठरवा.

दुपारी आपण पासपोर्ट फोटोपासून सुरुवात करू : ३५ बाय ४५ मिलिमीटर, ३०० डीपीआय, म्हणजे ४१३ बाय ५३१ पिक्सेल, चार बाय सहा इंचांच्या कागदावर आठ. शेजारच्या स्टुडिओतली मुलं येणार आहेत; त्यांना पुढच्या खुर्च्या द्या.