करवीरनगरीत स्वागत, आणि एक मागणी



कोल्हापुरात मी आपले मनापासून स्वागत करतो. जागतिक राजकारण, व्यापार आणि हवामानविषयक गुंतवणूक यांवरची परिषद मुंबई-दिल्ली सोडून इथे कशाला, असे काहींनी विचारले. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांतला ओतीव माल परदेशी जातो. त्याच शिरोलीजवळ ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद पाडला होता. व्यापार आणि हवामान, दोन्हींची झळ ज्यांना रोज लागते त्यांच्या गावात ही चर्चा व्हावी, एवढाच आमचा आग्रह होता.

जगात पैसा नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ मध्ये ऊर्जाक्षेत्रात ३.३ लाख कोटी डॉलरची गुंतवणूक अपेक्षित होती. त्यातले २.२ लाख कोटी स्वच्छ ऊर्जा, वीजवाहिन्या, साठवण आणि ऊर्जाबचतीसाठी, म्हणजे कोळसा, तेल आणि वायूच्या दुप्पट. पण त्या २.२ लाख कोटींतला जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या चीनचा, आणि जगातली एक पंचमांश माणसे जिथे राहतात त्या आफ्रिकेच्या वाट्याला दोन टक्के. जिथे कर्ज आधीच स्वस्त, तिथेच पैसा वळतो.

राजकारणाचे वारे तर रोज फिरते आहे. बाकूच्या हवामान परिषदेत नोव्हेंबर २०२४ मध्ये श्रीमंत देशांच्या पुढाकाराने विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले. त्या देशांची गरज १.३ लाख कोटी डॉलरची होती. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्याच सभागृहात आक्षेप नोंदवला, याचा मला अभिमान वाटतो. दोन महिन्यांत अमेरिकेने पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा आदेश काढला. पाठोपाठ हवामानासाठी एकत्र आलेल्या बड्या बँकांची आघाडीही विसर्जित झाली.

मागे हटला नाही तो आयात मालाच्या उत्सर्जनावर लागणारा युरोपचा कार्बन सीमाकर. १ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते त्यात आहेतच, पण साधे नट-बोल्टही आहेत. बोल्ट बनवणाऱ्या कारखानदाराचे स्वतःचे उत्सर्जन थोडे. खरा भार असतो तो त्याने विकत घेतलेल्या पोलादाचा. त्यामुळे त्याला आपल्या रोलिंग मिलकडून आकडा मिळवावा लागतो. मिल आकडा देत नसेल, तर युरोप स्वतःचा ठोकताळा लावतो आणि तो बहुधा महागातच पडतो. वर्षाला ५० टनांपर्यंत आयात करणाऱ्याला सूट आहे, पण ती तिकडच्या आयातदाराला, इकडच्या कारखानदाराला नव्हे. यादी आणखी यंत्रभागांपर्यंत नेण्याचा प्रस्तावही युरोपीय आयोगाने मांडला आहे. हे नियम ठरले तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुणालाही कुणी विचारले नव्हते.

म्हणून इथे आलेल्या बँका, गुंतवणूकदार आणि शासनाच्या प्रतिनिधींपुढे माझी मागणी स्पष्ट आहे. मोठा सौरप्रकल्प तुम्हाला सहज दिसतो, कारण त्याचा वीजखरेदी करार पंचवीस वर्षांचा असतो. वीस कामगारांच्या फाउंड्रीची भट्टी बदलायला, उत्सर्जन मोजून प्रमाणित करून घ्यायला मात्र चालू बाजारदराने आणि तारणावर कर्ज मिळते. उत्सर्जन मोजण्याची सोय एकेका कारखान्याला परवडणार नाही. ती संपूर्ण वसाहतीसाठी एकत्र उभी राहिली पाहिजे, आणि तिला स्वस्त भांडवल मिळाले पाहिजे. पुरापासूनच्या संरक्षणाचेही तेच. त्यातून वीजविक्रीचे उत्पन्न येत नाही, भाडे येत नाही, म्हणून खासगी पैसा तिकडे फिरकत नाही. पण महामार्ग आठवडाभर बंद राहिला तर बुडणारी निर्यात कुठल्याच ताळेबंदात मांडली जात नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, ते मध्येच थांबले, आणि धरण पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. आज या जिल्ह्यातली बरीच शेती त्या पाण्यावर उभी आहे. तिमाही परताव्याच्या हिशेबात ते धरण कधीच बसले नसते. इतका दम धरणारे भांडवल आज कोण देणार, हा प्रश्न मी पहिल्याच सत्रापुढे ठेवतो.

दोन दिवसांत वेळ काढून पाहुण्यांनी एखाद्या फाउंड्रीत जरूर जावे. आमचे कार्यकर्ते सोबत येतील. आता अध्यक्षांना विनंती करतो की, त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.