दोन डोंगे, एक शीड

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात भंडारा येथे केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. शाळा, वसतिगृहे आणि परीक्षा यांविषयी बोलण्यास आमच्याहून अधिकारी वक्ते येथे बसले आहेत. म्हणून आम्ही एका निराळ्या शिक्षणाची हकीकत सांगणार आहोत. ढीवराच्या पोटी जन्मून, वयाची पन्नाशी उलटल्यावर, आम्ही नाव चालवावयास नव्याने शिकलो, त्याची ही हकीकत आहे. कोणास हसू आले तर त्याने खुशाल हसावे. प्रथम आम्हांसही ते आलेच होते.

आमचे बालपण वैनगंगेच्या घाटावर गेले. एका झाडाचे खोड कोरून केलेला डोंगा आणि एक लांब बांबू, एवढाच आमच्या घरचा सरंजाम. डोंगा अरुंद, नवखा माणूस त्यात उभा राहिला की तो डुललाच. परंतु पलीकडच्या तीरावर वऱ्हाडाची माणसे किंवा धान्याची पोती न्यावयाची असली, म्हणजे आमचे आजोबा दोन डोंगे शेजारी शेजारी ठेवीत, वर आडवे बांबू टाकून ते दोरांनी घट्ट आवळीत आणि त्यांवर तट्ट्या अंथरीत. मग त्यावर म्हातारी माणसेदेखील निर्धास्त बसत. आजोबा म्हणत, "एकला डोंगा डुलते, दोन डोंगे एकमेकाले धरतेत." हे वाक्य आम्ही लहानपणी शंभरदा ऐकले असेल; त्याचा अर्थ मात्र आम्हांस फार उशिरा कळला.

पुढे नदीच बदलली. २२ एप्रिल १९८८ रोजी गोसेखुर्द धरणाची कोनशिला बसली. पवनी तालुक्यातील त्या तेहतीस दरवाजांच्या भिंतीमागे कालांतराने पाणी साठले आणि जेथे वाहती नदी होती तेथे विस्तीर्ण जलाशय झाला. आपली पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या ही बांबूची आणि प्रवाहाची विद्या होती. नदीत काय किंवा कोहळी बांधवांनी बांधलेल्या आपल्या जिल्ह्यातील जुन्या तलावांत काय, बांबू तळाला टेकत असे. जलाशयाच्या खोल भागात तो टेकत नाही. शिवाय उघड्या पाण्यावर वाऱ्यास अडवावयास काही नसते. जेवढा पल्ला लांब, तेवढी लाट मोठी. पाणी तेच राहिले, परंतु त्यावरचा धनी बदलला. पूर्वी प्रवाह धनी होता, आता वारा धनी झाला. आणि वाऱ्याची भाषा आपणांस कोणी शिकवलेली नव्हती.

ती भाषा शिकण्याचा योग आम्हांस गोव्याच्या किनाऱ्यावर आला. आमचा पुतण्या तिकडे नोकरीस आहे. त्याने एके दिवशी आम्हांस वाळूवर ठेवलेली एक नाव दाखवली. दोन लांबट, अरुंद अंगे, त्यांस जोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्या, मध्ये बसावयास ताणून बसवलेले जाड कापड आणि वर उंच डोलकाठी. लांबी १६ फूट ७ इंच, रुंदी सुमारे ८ फूट, वजन अवघे १४५ किलो. चार माणसांनी उचलून पाण्यात नेण्याजोगी. या जातीची नाव कॅलिफोर्नियातील होबी आल्टर यांनी १९७० च्या सुमारास काढली आणि ती जगभर पसरली. तिला कॅटमरान म्हणतात. हा शब्द तमिळ आहे : 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. आम्ही क्षणभर स्तब्ध उभे राहिलो. आजोबांचे ते दोन बांधलेले डोंगेच शीड लावून आमच्यापुढे उभे होते!

"यात शिकावयाचे ते काय?" असे आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो. तो तोरा पहिल्याच दिवशी उतरला.

पहिला धडा नाव सजवण्याचा. नावेचे तोंड वाऱ्याकडे करावे, म्हणजे शिडात अवेळी वारा भरत नाही. डोलकाठी उभारताना एकाने खालून ढकलावी व दुसऱ्याने पुढून ओढावी. ती उभी राहिली की बाजूच्या दोन तारा आणि पुढची एक तार यांवर तिचा सारा भार असतो. त्या तारांच्या प्रत्येक खिळीतील लहानशी कडी हाताने चाचपून पाहावी, कारण एक कडी निसटली तर सारी डोलकाठी कोसळते. उभारण्यापूर्वी वर मान करून विजेची तार नाही ना, हे पाहावे. धातूची डोलकाठी तारेस लागली तर प्राणाशी गाठ आहे. मग पुढचे लहान शीड, मग मोठे शीड, आणि शीड आवरण्याची दोरी सर्वांत शेवटी. तीही सैलच ठेवावी.

हे सारे आम्ही केले आणि मोठ्या दिमाखाने निघालो. घटकाभरात नाव डावीकडे कलू लागली. वारा तर बेताचाच होता. अखेर उमगले, की डाव्या अंगाच्या मागच्या टोकास असलेले पाणी काढण्याचे बूच आम्ही लावलेच नव्हते! ज्याच्या घराण्याने डोंग्यातले पाणी उपसण्यात आयुष्ये घालवली, त्याने स्वतःच्या हाताने नावेत पाणी घ्यावे, यापरते विनोदाचे काय असणार? त्या दिवसापासून आम्ही निघण्यापूर्वी दोन्ही बुचे हात लावून पाहतो.

दुसरा धडा वाऱ्याचा. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची नाव सरळ जाऊ शकत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे पंचेचाळीस अंशांचा टापू वर्ज्य असतो. वाऱ्याकडे जावयाचे असेल तर नागमोडी जावे लागते. थोडे डावीकडून, मग वळून थोडे उजवीकडून. या वळणावरच जोडनावेची परीक्षा असते. ती वजनाने हलकी आणि दोन अंगांची, म्हणून सावकाश वळते. मध्येच वेग गेला तर वाऱ्यास तोंड करून निमूट उभी राहते. वळण्यापूर्वी वेग घ्यावा, सुकाणू झटका न देता पण निश्चयाने फिरवावे, आणि पुढच्या शिडात उलट बाजूने वारा भरू द्यावा, म्हणजे तो नाक ढकलून देतो. आम्ही पहिल्या सकाळी सात वेळा अडकलो. अडकल्यावर नाव मागे सरकते, तेव्हा सुकाणूही उलटे चालते, हेही आम्हांस तेथेच कळले.

तिसरा धडा आम्ही कधीही विसरणार नाही. निघताना तरंगण्याचे जाकीट घालावयास प्रशिक्षकाने सांगितले होते. आम्ही म्हटले, "आम्ही चालावयास शिकण्यापूर्वी पोहावयास शिकलो आहोत." तो म्हणाला, "मग नावेत पाऊल टाकू नका." निरुपायाने आम्ही ते अंगात चढवले. दुपारी वाऱ्याचा एक जोरदार झोत आला. अशा वेळी शिडाची दोरी तत्काळ ढिली सोडावयाची असते. आम्ही ती उलट घट्ट धरली. पुतण्या ओरडला, "काकाजी, दोरी सोडा नं!" तोवर एक अंग आकाशात गेले होते. उलटताना शिडाखालची आडवी दांडी आमच्या कपाळावर बसली आणि डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्ध आली तेव्हा आमचे तोंड पाण्याच्या वर होते. ते आमच्या पोहण्याने वर राहिले नव्हते. त्या जाकिटाने राहिले होते.

बंधुभगिनींनो, आमचा एक चुलतभाऊ जलाशयात जाळे उचलावयास गेला असता अशाच एका संध्याकाळी वादळात सापडला आणि परत आला नाही. तो आमच्याहून शतपट चांगला पोहणारा होता. "एवढा पोहणारा, बुडालाच कसा?" हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे मनात घोळवीत होतो. त्या दिवशी गोव्याच्या पाण्यात त्याचे उत्तर आम्हांस मिळाले. पोहणारा शुद्धीवर असतो, तोवरच तो पोहणारा असतो.

त्यानंतर आम्ही उलटलेली नाव उठवावयास शिकलो. नाव सोडून किनाऱ्याकडे पोहत जाऊ नये. माणसापेक्षा नाव लवकर दिसते आणि ती तरंगत राहते. तिचे तोंड वाऱ्याकडे करावे, वरच्या अंगावरून दोरी घ्यावी, खालच्या अंगावर उभे राहून मागे झुकावे. वारा शिडाखाली शिरला की तोच तिला उठवू लागतो. एवढ्या मोठ्या नावेस एकट्याचे वजन सहसा पुरत नाही. पुतण्या आणि आम्ही एकाच दोरीस लोंबकळलो, तेव्हा ती उठली.

ही विद्या परकी आहे, असे कोणी मानू नये. पॅसिफिक महासागरातील लोकांनी जोडनावांतून हजारो मैलांचे प्रवास केले. १९७६ साली होकुलेआ नावाची तशी नाव आधुनिक यंत्रांच्या साह्यावाचून हवाईहून ताहितीस पोहोचली. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८७६ साली, नॅथॅनिएल हेरेशॉफ यांच्या जोडनावेने न्यूयॉर्कच्या शर्यतीत भल्याभल्या नावांस मागे टाकले, तेव्हा तिलाच शर्यतीतून बाद करण्यात आले. पुढे १९७६ साली जोडनाव ऑलिंपिकमध्ये आली. आणि २०१६ पासून तेथील जोडनावेवर एक स्त्री व एक पुरुष असे दोघे मिळून बसतात. आपल्या लेकींनी हे ध्यानी ठेवावे.

शीड हे समुद्राकाठच्या लोकांचेच, असेही नाही. हैदराबादेस समुद्र नाही. तरी तेथील हुसेनसागरावर शिडाच्या नावा धावतात आणि सामान्य घरांतील मुलेमुली त्यांवर शिकतात. भोपाळच्या मोठ्या तलावावरही हेच शिक्षण चालते. मग आंभोऱ्याच्या संगमावर आणि पवनीच्या पाण्यावर ते का चालू नये? हे जलाशय पर्यटनासाठी खुले होत आहेत. तेथे परक्यांच्या नावा धुवावयास आपली मुले राहणार, की सुकाणूवर बसणार, हे आजच ठरावयाचे आहे.

परंतु नावा घेण्यासाठी वर्गणी गोळा करा, असे आम्ही आज म्हणत नाही. आमच्या विनंत्या दोनच. पहिली : खोल पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात, मग तो डोंग्यात बसो की ट्रकच्या ट्यूबवर, जाकीट असावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ते प्रथम स्वतः घालावे. दुसरी : दरवर्षी समाजातील निदान दोन मुले, त्यांत एक मुलगी, शिडाचे रीतसर शिक्षण घेण्यास बाहेर पाठवावीत. ती परत आली म्हणजे जलाशयावर नाव घालण्याची परवानगी कशी मिळवावयाची, पाण्याखालचे झाडांचे बुंधे कोठे आहेत, आणि उन्हाळ्याच्या कोणत्या प्रहरी वारा फिरतो, हे त्यांना आपल्यातील म्हाताऱ्यांनी सांगावे. मुलांनी वारा शिकवावा, म्हाताऱ्यांनी पाणी शिकवावे. एकला डोंगा डुलतो.

पाण्याच्या पोटी जन्मलो म्हणून पाणी आपणांस ओळखते, हा आमचा गर्व होता. पाणी कोणास ओळखत नाही. दर पिढीने त्याच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते.